म्हाताऱ्यांनीं घरांत रहावें, पण कोणत्या?

सन २०२० च्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें फर्माविलें कीं, ६५ वर्षांवरील माणसांनीं घरांतच रहावें. हुकूम वाईट नव्हता. कोरोनाचा घाव म्हाताऱ्यांवरच जबर बसे. पण लिहिणारास बंगलाच ठाऊक असावा! ज्या कुंभाराची चूल, बाजलें नि पोरें एकाच खणांत, त्यानें आईला निराळी खोली कोठून द्यावी? शिवाय तिला घोर स्वतःचा नव्हताच; मुंबईस अडकलेल्या लेकाचा होता, इस्पितळाच्या कर्जाचा होता. म्हणून ती माउली खोकला पदरांत दाबी. शहरांतून परतलेल्यांस ठेवण्याकरितां त्या सालीं गांवोगांव शाळा उघडल्या गेल्या. मग म्हाताऱ्यांकरितां एक खोली कां निघूं नये? पुढील सांथीची वाट न पाहतां ग्रामपंचायतींनीं ती आतांच मुक्रर करावी. शेतकरी बांधवहो, येत्या ग्रामसभेंत हें विचारा.