सगळेच पास

नातू सुट्टीत आला की त्याच्या संगणकात डोकवायची मला खोड आहे. (घरचे हसतात, हसू देत!) या वेळी तो पॉडमनच्या लॉग्जची स्वयंचलित चाचणी लिहीत होता. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमला दिलेली वेगळी, बंद खोली, असं मी समजून घेतलंय. आतला प्रोग्रॅम जे बोलतो ते टिपून ठेवलं जातं, साध्या फाइलीत किंवा लिनक्सच्या जर्नलमध्ये. 'टेल २' म्हटलं की त्यातल्या शेवटच्या दोन ओळी मिळतात.

त्याची चाचणी अशी: कंटेनरने 'नमस्कार' तीनदा लिहायचं, शेवटच्या दोन ओळी मागायच्या, दोन आल्या की पास. हिरवी खूण उमटली. स्वारी खूश.

"अरे, पहिल्या दोन आल्या असत्या तर कळलं असतं का तुला?"

गप्पच झाला.

मला माझाच एक पेपर आठवला. 'चूक की बरोबर' ची दहा विधानं, आणि घाईत मी दहाही बरोबरच लिहिलेली. डोळे मिटून उत्तरं देणाऱ्यालाही दहापैकी दहा! म्हणून माझं मत पक्कं आहे, चाचणी आधी मुद्दाम नापास करून बघावी.

"आजी, एवढा वेळ कुणाला असतो?"

आणि रात्री दोनला सर्व्हर बंद पडला की हाच मुलगा त्या शेवटच्या ओळींवर विसंबणार. प्रोग्रॅम जाताना काय बोलला ते तिथेच तर असतं.

कुरकुरत त्याने 'एक', 'दोन', 'तीन' लिहिलं. मग मुद्दाम 'एक', 'दोन' अपेक्षित धरलं. लाल खूण आली, तेव्हा कुठे जेवायला उठला.