कॉइलचा तोटा पुसू नका

खर्ड्याच्या शिवारात मोटार जळाली की शेतकरी ती भरायला नेतो. भरणारा कारागीर तारेचा गेज बघतो, पत्र्यांची थप्पी तपासतो, वार्निश पाजतो. कॉइल तापते म्हणजे ऊर्जा खाते, हे त्याला शिकवावं लागत नाही. त्याच गावचा इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी मात्र संगणकावर फिल्टर रचताना कॉइलला एकच आकडा देतो, इंडक्टन्स. तोटा शून्य.

आदर्श कॉइलने गणित सोपं होतं, तोटा नंतर बघू, असं मला वारंवार ऐकवलं जातं. पहिल्या आकडेमोडीपुरतं मान्य. पण सौर पंपाचा इन्व्हर्टर आणि मोटार यांच्यामधला एलसी फिल्टर घ्या. समजा कॉइल ५ मिलिहेन्री, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड. रेझोनन्स येतो ७१२ हर्ट्झच्या आसपास. तोटा शून्य धरला तर एका धक्क्याने उठलेलं कंपन पडद्यावर विझतच नाही. अशा आलेखावरून मोटारीच्या इन्सुलेशनबद्दल काय ठरवणार?

मग मल्टिमीटरने रोध मोजून मालिकेत लिहा, असं दुसरे म्हणतात. समजा ०.२ ओहम आला. कंपन साधारण ३७ टक्क्यांवर यायला ५० मिलिसेकंद लागतील, म्हणजे पस्तीसेक आवर्तनं. पण मल्टिमीटर डीसी रोध दाखवतो. तांब्यात ५० हर्ट्झचा प्रवाह ९ मिलिमीटर खोल शिरतो, १० किलोहर्ट्झचा जेमतेम ०.६६, म्हणजे वारंवारतेबरोबर रोध वाढतो. त्यात गाभ्याच्या पत्र्यांचा तोटा वेगळाच. सगळं मिळून प्रत्यक्षात २ ओहम भरले, तर तेच कंपन ५ मिलिसेकंदांत ओसरतं. दहापट चूक!

‘सॉफ्टवेअर घेईल सांभाळून’ या म्हणण्याला माझा सर्वांत कडक विरोध आहे. एलटीस्पाइस हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर इंडक्टरला, रोध दिला नसेल तर, स्वतःहून १ मिलिओहम मालिकेत जोडतं. समांतर अवमंदन (डॅम्पिंग) पुरवण्याची सोयही त्यात आहे. ही तजवीज गणित अडू नये म्हणून केलेली. तुमच्या गाभ्याची जात त्या प्रोग्रॅमला कुठून माहीत असणार? न सांगता आलेल्या अवमंदनाने पडद्यावर शांत झालेलं कंपन शेतात मोटारीच्या वायंडिंगवर आदळू शकतं.

तांब्याचा रोध मालिकेत, गाभ्याचा तोटा समांतर रोधात, वेटोळ्यांमधली कपॅसिटन्सही समांतर: कॉइल अशी मांडावी. आकडे एलसीआर मीटरने, कामाच्या वारंवारतेजवळ मोजावेत. या उदाहरणात १ किलोहर्ट्झची मोजणी जवळची. लोखंडी गाभ्याचा तोटा प्रवाहाबरोबर बदलतो, त्यामुळे मीटरच्या बारीक सिग्नलवर आलेला आकडा अखेरचा धरू नये. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम हे सर्किट सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यामागे एनजीस्पाइस चालतं. हे तिन्ही घटक त्यात काढायला दहा मिनिटं पुरतात.

एवढं करूनही कंपन उरलं, तर अवमंदनाचा रोध कपॅसिटरच्या मालिकेत उघड दाखवावा, आणि त्याची वॉटेज मोजूनच तो मागवावा. भर उन्हात, पत्र्याच्या बंद पेटीत तापायचं आहे त्याला.