सुक्या मासळीची सोयरीक

आपल्या घरांत परदेशी फिरायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न पासपोर्टचा नसतो. तो असतो, ‘तिथे खायचं काय?’ गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं दक्षिण इटली आणि नॉर्वेला जायला निघालो, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी हाच प्रश्न विचारला. बेगमनं उत्तर आधीच बॅगेत भरलं होतं: मालवणी मसाला, कोकमाची सोलं आणि लसणीची चटणी. वर म्हणाली, “मासो सगळीकडे मासोच असतलो. हलालचो पाटो शोधीत फिरूक नको.”

तिचं खरं निघालं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, त्यामुळे समुद्रातलं जवळजवळ सगळंच चालतं. सिसिलीतल्या पालेर्मोच्या बाजारात माकूल, कोळंबी, तारली बघून आपण मालवणच्या बंदरावरच आहोत असं वाटलं. सांभाळायच्या गोष्टी दोनच. एक म्हणजे शिंपल्यांच्या रश्श्यात वाइन घालतात. तेव्हा ‘सेन्झा विनो’, म्हणजे ‘वाइन नको’, एवढे दोन शब्द पाठ करून जा. दुसरं, तिथल्या प्रसिद्ध कानोली मिठाईच्या कवचात डुकराची चरबी असू शकते, ती टाळा. त्याची भरपाई ‘पानेल्ले’ करतात. चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, पावात घालून. बेगमनं एक खाल्ली आणि तिला भजीपावाची मावसबहीण ठरवून टाकलं.

सिसिलीवर 827 पासून पुढे दोनशेहून अधिक वर्षं अरबांचं राज्य होतं. लिंबू-संत्र्यांच्या बागा, ऊस, पाटाचं पाणी हे तिथे रुजलं ते त्यांच्यामुळे. नॉर्मन राजे आले, पण त्यांनी कारागीर तेच ठेवले. राजवाड्यातल्या चर्चचं लाकडी छत बघायला मान वर केली तर तिथे कूफी अक्षरं! पालेर्मोच्या मोठ्या चर्चच्या दरवाजापाशी एका खांबावर तर कुरआनाची आयत कोरलेली आहे. बेगम तिथे बराच वेळ उभी राहिली. इथल्याच राजा रॉजरसाठी अल्-इद्रीसीनं 1154 साली जगाचा नकाशा पुरा केला. त्यात दक्षिण वर आणि उत्तर खाली. “म्हंजे नॉर्वे खाली? मग आपल्याक उतारच आसा,” ती म्हणाली.

पण उताराआधी फाविन्याना बेटावर थांबलो. तिथे मोठमोठ्या टुना माशांची सामुदायिक शिकार चालायची. म्होरक्याला म्हणत ‘राईस’, म्हणजे आपला अरबी रईसच. हैशा म्हणावा तशी गाणी म्हणत माणसं जाळं ओढायची. अगदी आपली रापण! शेवटची शिकार 2007 साली झाली. आता कारखान्याचं संग्रहालय झालंय. ओढणाऱ्या माणसांचे फोटो भिंतीवर आहेत. समुद्रात मोठी यांत्रिक जहाजं शिरली, टुना घटला, खर्च परवडेना. ते वाचताना आम्ही दोघंही गप्प झालो. आपल्या किनाऱ्यावर पर्ससीनवाले आणि रापणकार यांचं भांडण कुणाला नवं आहे? 2016 साली सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी ते मिटलेलं नाही.

पुढे मेसिनाला जेवायला बसलो. ताटात टोमॅटो, बटाटा, ऑलिव्ह आणि मध्ये जाड पांढरा मासा. चव ओळखीची, नाव अनोळखी. चौकशी केली तर तो सुका मासा होता, कित्येक दिवस पाण्यात भिजवून शिजवलेला. आला कुठून? नॉर्वेहून! इतका ताजा मासा दारात असताना ही माणसं तीनेक हजार किलोमीटरवरून सुका मासा आणून सणासारखा खातात.

त्याची गोष्टही झकास आहे. व्हेनिसचा क्वेरिनी नावाचा व्यापारी वादळात भरकटला आणि 1432 साली उत्तर नॉर्वेच्या लोफोटेन बेटांच्या टोकाशी लागला. कोळ्यांनी त्याला महिनोन् महिने सांभाळलं. परतताना तो सुका मासा घेऊन आला. पाहुणचाराची ती आठवण इटली आजही खाते आहे.

आम्ही लोफोटेनला पोचलो तेव्हा जून लागला होता. सूर्य मावळायचं नावच घेईना. मग मगरिब कधी, इशा कधी? उलेमांनी यावर वाट सांगितली आहे: जवळच्या ज्या शहरात दिवस-रात्र वेगळे होतात तिथली वेळ धरा, किंवा मक्केची. आम्ही मोबाइलवर वेळ लावली आणि खिडकीला जाड पडदा.

तिथे एका गावाचं नाव फक्त एक अक्षर आहे, ‘ऑ’. त्या गावात सुक्या माशाचं संग्रहालय! हिवाळ्यात आलेला कॉड माशांचा थवा पकडायचा, जोडीनं शेपट्या बांधून लाकडी मांडवांवर टांगायचा आणि वसंतापर्यंत वाऱ्यावर सोडायचा. मिठाचा कणही नाही. थंडीमुळे सडत नाही, माशीही लागत नाही. आपल्या दमट उन्हात मात्र बांगड्याला मीठ हवंच. आम्ही गेलो तेव्हा मासे उतरवणं चाललं होतं. म्हणजे इकडे आपली आगोट भरून होते, त्याच सुमाराला. बेगमनं खोल श्वास घेतला आणि म्हणाली, “वास तरी आपल्यासारखोच आसा.”

पण एक फरक आहे. त्या माशाला युरोपात भौगोलिक संकेतांक आहे, जसा आपल्याकडे हापूसला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला. त्याची प्रतवारी होते आणि त्याच्या वासाची कुणाला लाज वाटत नाही. आपल्याकडे मुंबईची सून आली की सुकटीचा डबा मागच्या पडवीत जातो. बाजारात सुकं विकणाऱ्या बायका उन्हात जमिनीवर बसतात. त्यांना एक छप्पर, वाळवायला स्वच्छ उंच मांडव आणि मालावर ‘मालवण’ असं नाव मिळालं, तर तीही मोठी गोष्ट ठरेल. मात्र त्यासाठी आधी समुद्रात मासा उरला पाहिजे, हे फाविन्यानाच्या भिंती सांगतात.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. या पावसाळ्यात पाहुणे आले की किसमूर लपवू नका, ताटात मधोमध वाढा. आणि सुकं घेताना त्या मावशीशी भावाची घासाघीस थोडी कमी करा.