समलिंगी मुलांच्या कथा निर्भयपणे लिहा!

समलिंगी मुलामुलींवर कथा लिहिली की संस्कृतिरक्षक ‘अश्लील’ म्हणून ओरडतात. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर हाच आरोप झाला, तेव्हा १९३४ साली बाबासाहेब त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, तेही बाबासाहेबांच्या संविधानिक नैतिकतेचा आधार घेऊन. परंतु वर्गात ‘बायल्या’ म्हणून हिणवला जाणारा १५ वर्षांचा मुलगा निकालपत्र वाचत नाही, गोष्ट वाचतो. त्या गोष्टीतही तो रोगी किंवा हास्यास्पदच असेल, तर लेखक हिणवणाऱ्यांच्या रांगेत बसला, असे आम्ही म्हणू. दोष हिणवणाऱ्यांचा असतो, हे दलित साहित्याने शिकविले आहे. लेखकांनो, ते विसरू नका!