मैदान मागणारी सुंदरी

दीपावली अंकाचे मुखपृष्ठ रूपवतीच्या चित्रावाचून सजत नाही, हा मराठी प्रकाशनव्यवसायातील दस्तुर इतका रुळलेला आहे की, राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेचे नाव काढताच नाक मुरडण्याचा हक्क निदान आम्हां संपादक मंडळींना तरी उरलेला नाही. आमच्या जळगाव-धुळ्याकडील अनेक सुबुद्ध गृहस्थ मात्र तो हक्क अद्याप आग्रहाने बजावतात. आणि हेच सद्गृहस्थ चिरंजीवांसाठी स्थळे पाहावयास निघाले म्हणजे परक्याच्या बैठकीत पोह्यांची बशी हाती घेऊन समोर बसलेल्या मुलीला ‘जरा चालून दाखव, बाळ’ म्हणतात, तिचा वर्ण तिच्या आईच्या वर्णाशी ताडून पाहतात, वेणीची लांबी डोळ्यांनीच मोजतात, आणि अखेरीस ‘लग्नानंतर नोकरीचा विचार आहे का?’ असा सवाल टाकतात, ज्याचा इष्ट जबाब घरून निघतानाच मुक्रर झालेला असतो. सौंदर्यस्पर्धेत निदान अर्ज तरी मुलगी स्वतःच्या मर्जीने करते. (शिरपूरच्या पाटील घराण्यातील स्मिताबाईंचा सावळा चेहरा प्रथम मुंबई दूरदर्शनच्या बातम्यांत आणि पुढे रुपेरी पडद्यावर आला, तेव्हा त्याच्या तेजाचे कौतुक याच बैठकींतून झाले, सुनेच्या वर्णाची अट मात्र कोणी रद्द केल्याचे ऐकिवात नाही.)

बैठकीप्रमाणे सौंदर्यस्पर्धेतही अखेरीस सवाल टाकला जातोच, आणि प्रश्नोत्तराची ती फेरी हेच, आमच्या मते, त्या स्पर्धेचे मर्मस्थान होय. १९६६ साली ‘मिस वर्ल्ड’चा मुकुट जिंकून मुंबईची गोमंतकीय कन्या रीटा फारिया पुन्हा वैद्यकाच्या अभ्यासाकडे वळली, ही हकिकत सर्वश्रुत आहे. परंतु आम्हांस अधिक जवळची वाटते ती नागपुरात जन्मलेली मधू सप्रे. मैदानी खेळांत वाढलेली ही मुलगी १९९२ साली भारतीय स्पर्धेतील विजेतेपद मिळवून बँकॉकला ‘मिस युनिव्हर्स’साठी गेली, अंतिम तिघींत पोहोचली, आणि देशाची सत्ता हाती आली तर प्रथम काय कराल, या प्रश्नावर तिने खेळांसाठी क्रीडासंकुल उभारण्याची इच्छा बोलून दाखवली. दारिद्र्यनिर्मूलनाचे ठरीव पाठांतर तिने म्हटले असते, तर पंच प्रसन्न झाले असते, असे पुष्कळांनी पुढे लिहिले. ती तिसरी आली. दारिद्र्य एका फर्मानाने हटत नाही, मैदान मात्र मनात आणले तर बांधता येते, एवढा व्यवहार त्या मुलीला कळत होता.

सत्तेचा तो प्रश्न आमच्या जळगावात निराळ्या रीतीने सुटला. येथील मूळजी जेठा महाविद्यालयात टेबल टेनिसच्या ढाली जिंकणाऱ्या प्रतिभाताई पाटील १९६२ साली ‘कॉलेज क्वीन’ ठरल्याची नोंद त्यांच्या चरित्रात आढळते. त्याच वर्षी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या जळगाव मतदारसंघातून विधानसभेवर निवडून गेल्या, आणि २००७ मध्ये राष्ट्रपतिभवनात. महाविद्यालयाचा तो किताब आज कोणाच्या स्मरणातही नाही, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही.

उद्या चोपडा, साक्री वा चाळीसगावची एखादी कन्या त्या रंगमंचावर उभी राहिली आणि तिला तोच प्रश्न आला, तर तिनेही बेलाशक आपल्या तालुक्यासाठी मैदानच मागावे. पंचांनी गुण कापले तरी बेहत्तर.