मुक्कामाला खोली मिळेल काय?

आपल्या चंदगड भागात हॉटेल म्हटले की चहा-भजी आठवतात. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात राजर्षी शाहू महाराजांनी स्वतः चहा घेतला, ही हकिगत आपल्याला पाठ आहे. पण रात्रीच्या मुक्कामाच्या हॉटेलाचे काय? आज आपली मुले नोकरीसाठी परदेशी जातात. घरची वडीलधारी माणसे बुद्धगया, कुशीनगर करून नेपाळात लुंबिनीला जातात. निघण्यापूर्वी आपण भाडे विचारतो, जेवण विचारतो, खोली किती वाजता सोडायची तेही विचारतो. दारातून आत कोणाला घेतात, हा प्रश्न मात्र त्याहून जुना आहे.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर ते राहिले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्याला आले आणि राहायचे कुठे, हाच पहिला प्रश्न पडला. शेवटी एका पारशी सराईत, पारशी नाव लावून, रोजच्या दीड रुपयावर ते राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा जण काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत सराई सोडण्याचा हुकूम देऊन गेले. गावातल्या दोन मित्रांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. एवढ्या शिकलेल्या माणसाने कमाठी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

म्हणून परदेश म्हणजे स्वर्ग, असेही समजू नये. त्याच अमेरिकेत काळ्या माणसांना गोऱ्यांच्या अनेक हॉटेलांत जागा नव्हती. खोली कुठे मिळेल हे सांगणारी पुस्तिका व्हिक्टर ग्रीन या काळ्या पोस्टमनने १९३६ पासून काढली. हॉटेलांना अशी मनाई करता येणार नाही, हा देशभराचा कायदा तिथे १९६४ साली झाला. लंडनमध्ये १९४३ साली वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांना इंपिरियल हॉटेलने रंगावरून नाकारले. ते कोर्टात गेले आणि १९४४ साली जिंकले. भरपाई फक्त पाच गिनी मिळाली, पण हॉटेलवाल्याची मनमानी चालत नाही हे जगाला कळले.

आपल्याकडे हा हक्क संविधानाच्या १५व्या कलमात आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना यांची नावे घेतली आहेत. अस्पृश्यतेच्या कारणाने प्रवेश नाकारणाऱ्याला एक ते सहा महिने कैद आणि दंड अशी शिक्षा आहे.

तेव्हा प्रवासाला निघताना एवढे लक्षात ठेवा. काउंटरवर ओळखपत्र, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार हे विचारतात. ते रीतसर आहे, द्यावे. परदेशात पासपोर्ट मागतात. नेपाळला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असू द्या. मात्र जात विचारण्याचा अधिकार कोणाला नाही. आडनाव ऐकल्यावर रिकामी खोली एकाएकी भरली, तर भांडत बसू नका. वेळ, हॉटेलचे नाव आणि बोलणाऱ्याचे शब्द वहीत टिपा, सोबतच्या दोघांना साक्षीला ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पोच नसेल तर तक्रार कुठे गेली हे सांगता येत नाही, हे कारकुनी करणाऱ्या माझ्यासारख्याला चांगले ठाऊक आहे.

आणि मुलांना एक सांगा. दुसऱ्याचे नाव लावून राहण्याची पाळी बाबासाहेबांवर आली होती. तुमच्यावर ती येऊ नये म्हणून कायदा आहे. रजिस्टरात आपले पूर्ण नाव, आडनावासकट, स्वच्छ अक्षरात लिहा.