रंग नंतर, ब्रेकचा पाइप आधी

हल्ली आमच्या ऑफिसात जुन्या बाइक नव्या करायची साथ आलीय. कुणी गावाकडून वडिलांची उचलून आणलीय, कुणाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोणपाटाखाली सापडलीय. माझ्याकडे काकांची २००० सालची हिरो होंडा सीबीझेड आलीय. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, रंग कुठला मारणार? दुसरा, टाकीचे ओरिजिनल स्टिकर कुठे मिळतील? ब्रेकच्या पाइपबद्दल विचारणारा मला अजून भेटायचाय.

माझं मत सरळ आहे. पंचवीस वर्षांचा पाइप कितीही चांगला दिसला तरी काढून फेकायचा. तपासत बसायचंच नाही.

सीबीझेड १९९९ मध्ये आली ती पुढच्या चाकाला २४० मिलिमीटरची डिस्क घेऊन. मागे साधा ड्रम. गाडी थांबवायचं मोठं काम पुढच्या चाकाचं, आणि मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत जाणारा रबरी पाइप एकच. आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. एबीएसचे लाड या पिढीला नाहीत, १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं २०१९ मध्ये.

"पण पाइप गळत नाहीये ना?" हे वाक्य मी एका मुरलेल्या मेकॅनिककडूनही ऐकलंय. गोम तिथेच आहे. रबर बाहेरून तडकतं ते दिसतं, आतून फुगतं ते दिसत नाही. आतला पापुद्रा सुटला की पाइप झडपेसारखा वागतो. लिव्हर दाबली की जोरामुळे ऑइल पुढे जातं, सोडली की नीट परत येत नाही. पॅड घासत राहतात, डिस्क तापते, आणि आपण कॅलिपरला शिव्या घालत त्याचे सील बदलत बसतो.

त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषल्यावर ही हमी १५५ वर येते. सिंहगड उतरताना ब्रेक धरून धरून कॅलिपर तापला आणि ऑइलची वाफ झाली, तर लिव्हर मुठीला टेकते आणि गाडी चालतच राहते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, एवढंच त्यामागचं शास्त्र. माझी चुलत बहीण ही गाडी पुढच्या महिन्यापासून कॉलेजला नेणार आहे, त्यामुळे मला हे शास्त्र जरा जास्तच जवळचं वाटतं.

आता स्टीलच्या जाळीचा पाइप की रबरी? यावर लोक तासन्‌तास भांडतात. जाळीचा कमी फुगतो, लिव्हर कडक लागते, हे खरं. पण रोजच्या वापराला कंपनीचा नवा रबरी पाइप पुरतो. जाळीचा घ्यायचाच तर लांबी नीट मोजा: हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, आणि पुढचं चाक उचलून, म्हणजे फोर्क पूर्ण लांबतो तेव्हा. शिवाय ती जाळी प्लास्टिकला आणि रंगाला कानशीसारखी घासते.

दोन्ही टोकांचे तांब्याचे वॉशर नवेच टाका. एका बोल्टला दोन, म्हणजे एकूण चार. चहाच्या पैशांत येणाऱ्या या वस्तूत लोक काटकसर का करतात, देव जाणे. ऑइल मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलं असेल तेच. डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं असतं (डॉट ५.१ वेगळं, नावावर जाऊ नका).

आणि रंगवाल्यांसाठी खास: ब्रेक ऑइल रंग खातं. हजारो रुपये घालून चकाचक केलेल्या टाकीवर हवा काढताना चार थेंब उडाले, की पुन्हा पेंटरकडे. तेव्हा निदान स्वार्थासाठी तरी हा क्रम पाळा. उडालंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नुसतं फडक्याने पुसू नका.

हवा काढायला वेळ लागतो. लिव्हर दोन-चारदा दाबून धरायची, निपल किंचित उघडायचं, बंद करायचं, मगच लिव्हर सोडायची; बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. तरीही लिव्हर मऊ लागली तर रात्रभर ती मुठीला बांधून ठेवा, अडकलेले बारीक बुडबुडे बरेचदा वर येतात. सकाळी ती घट्ट दाबून धरून दोन्ही जोडांना कोरडा कागद लावून बघा. कोरडाच राहिला, तर पहिली चक्कर सोसायटीच्या आवारातच मारा.